खाडीत जेट्टीच्या पाइल कशा घालाव्यात: पंचांगापासून ट्रेमीपर्यंत

जेट्टी म्हटली की चर्चा होते ती वरच्या स्लॅबची, कठड्याची, बोटी बांधायच्या खुंट्यांची. पण पैसा, वेळ आणि डोकेदुखी यांतला मोठा वाटा पाण्याखालीच जातो. वरचा स्लॅब बिघडला तर फोडून नवा टाकता येतो. पाइल, म्हणजे तळात खोल गाडलेला काँक्रीटचा खांब, मात्र बिघडली की शेजारी दुसरी घालण्यावाचून इलाज नसतो, आणि तोवर तुळयांचं सगळं गणित बदललेलं असतं.

इथे डोळ्यांसमोर धरली आहे ती सिंधुदुर्गातल्या किंवा दक्षिण रत्नागिरीतल्या खाडीतली मध्यम आकाराची जेट्टी. किनाऱ्यापासून ३० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दर ५ मीटरला दोन पाइलची जोडी, म्हणजे सहा जोड्यांत बारा पाइल. व्यास ६०० मिलिमीटर. मोठं रोटरी रिग, म्हणजे खोदाईचं अवजड यंत्र, अशा जागी पोचत नाही. रस्ता अरुंद, पूल कमकुवत आणि कामाच्या मानाने भाडं परवडत नाही. म्हणून काम ट्रायपॉड, विंच, बेलर (माती उपसायचं नळकांडं) आणि छिन्नीवरच होतं. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच हवं. हा लेख आहे तो डिझाइन हातात आल्यावर जागेवर उभं राहून काम करून घेणाऱ्यासाठी.

लाकडी खांबांचं काय, असं हमखास विचारलं जातं. गावच्या तरीवर माडाचे किंवा साल वृक्षाचे खांब ठोकून चालवलेलं काम दिसतं. पण आपल्या उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे भरपूर. खांब बाहेरून धड दिसतो आणि आतून भोकाभोकांचा झालेला असतो. तात्पुरत्या पायरीला लाकूड ठीक आहे, माणसांची रोजची ये-जा व्हायची असेल तर नको.

कागदपत्रं

परवानगीशिवाय एक सळईही पाण्यात टाकू नका. जेट्टी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येते, म्हणून २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेखाली प्रस्ताव महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. शिवाय महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते. गोव्यात बंदर कप्तान खातं आहे. जागेवर कांदळवन असेल तर जागाच बदलायचा विचार करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर राज्यभर कांदळवन तोडायला बंदी आहे आणि भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही त्यात धरला जातो. "दोन झाडं तर आहेत" हे कारण कुठेही चालत नाही.

आधी तळ समजून घ्या

बोअर, म्हणजे तळाचे थर तपासायचं भोक, घेतल्याशिवाय पाइलची लांबी ठरवणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. तीस मीटरच्या जेट्टीला किमान दोन बोअर हवेत, एक किनाऱ्याजवळ आणि एक टोकाशी. खाडीचा तळ उताराला असतो आणि कातळ त्याच उताराने जाईल याची काही खात्री नसते.

आपल्याकडच्या खाडीत साधारण असे थर मिळतात: वर काळा चिकट गाळ, मग शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू, मग मुरूम किंवा कुजका दगड आणि त्याखाली काळा कातळ, म्हणजे बसाल्ट. मालवण-वेंगुर्ल्याकडे बसाल्टऐवजी जुना, वेगळ्या जातीचा दगडही लागतो. फसवणूक होते ती जांभ्यात. जांभ्याचा वरचा थर कडक असतो, छिन्नी टणटण वाजते, मिस्त्री म्हणतो "लागला कातळ". पण जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी मऊ माती असते, कधी कधी कित्येक मीटर जाड. दीड मीटरच्या जांभ्यावर टेकलेली पाइल त्या मातीच्या भरवशावर उभी राहते. म्हणून कडक लागल्यावर बोअर थांबवू द्यायचा नाही. त्या कडक थरात आणखी निदान तीन मीटर गाभा काढून बघायचा. खाली पुन्हा मऊ लागलं तर पाइल जांभा फोडून खाली न्यायची.

आणखी एक चौकशी गावातल्या मच्छीमारांकडे करा. पावसाळ्यात तळ किती खणला जातो? जवळपास वाळूउपसा चालतो का? सक्शन पंपाने वाळू काढली की खड्डा तिथल्या तिथे राहत नाही, आजूबाजूचा तळही खाली बसतो. आज गाळात चार मीटर गाडलेली पाइल उद्या दोन मीटरच गाडलेली असेल. हे डिझाइन करणाऱ्याला आधीच सांगा. बोअरच्या रिपोर्टमध्ये ते येत नाही.

लेव्हलचा घोळ

भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून मोजलेली असते, म्हणजे जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. सर्व्हेअरची लेव्हल असते सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे, दक्षिणेकडे तो कमी होत जातो. एका ड्रॉइंगवर दोन्ही मिसळले की जेट्टी उधाणाला पाण्याखाली जाते, नाहीतर इतकी उंच होते की होडीतून वर चढायला शिडी लावावी लागते. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कुठला शून्य धरलाय ते ठळक लिहायला लावा.

भरतीच्या उंचीतही प्रदेशाप्रमाणे बराच फरक पडतो. मुंबईला पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणात साडेचार मीटरवर पाणी चढतं, मालवण-गोव्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे मुंबईच्या जेट्टीचं ड्रॉइंग उचलून मालवणात वापरायचं नाही. जागेवर पडताळा घ्यायचा असेल तर खडकांवरची कालवं कुठपर्यंत चढलीत ते बघा. तिथवर पाणी रोज येतं.

आपल्या उदाहरणात पाइलचा माथा चार्ट डेटमपासून +३.०, खाडीचा तळ −२.०, गाळ −६.० पर्यंत, वाळू −८.० पर्यंत, मुरूम −९.५ पर्यंत आणि त्याखाली कातळात ०.६ मीटर, म्हणजे व्यासाएवढं घुसवायचं असं धरू. एकूण लांबी १३.१ मीटर. पुढचे आकडे यावरूनच काढले आहेत.

दिवस कुठले धरायचे

हंगाम दसरा-दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यातले दिवस पंचांग ठरवतं. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. नक्की वेळेसाठी छापील तक्ता हवाच, पण महिन्याचं नियोजन या हिशेबावर नीट होतं.

उधाणाच्या दिवसांत सकाळी सहाच्या सुमारास पाणी खूप खाली जातं. आखणी, किनाऱ्याजवळच्या खांबांची जागा साफ करणं, जुने दगड काढणं ही कामं तेव्हा उरका. पण उधाणाला प्रवाहाला जोर असतो, लायनर (पाइलच्या खोदाईभोवतीचा लोखंडी पाइप) उभा करायला ते दिवस वाईट. लायनर आणि काँक्रीट भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत, सप्तमी ते दशमीला. नवमीला पूर्ण भरती पावणेसातला येते आणि मग दुपारपर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी. काँक्रीटला हीच वेळ का, ते पुढे येईल.

आखणी आणि मचाण

किनाऱ्यावर पक्के दोन काँक्रीटचे ठोकळे घाला, त्यावर खिळा रोवा आणि सगळी मापं तिथूनच टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) घ्या. पाण्यातल्या खुणेवरून दुसरी खूण काढत जाऊ नका, शेवटच्या जोडीपर्यंत चूक वाढत जाते.

ट्रायपॉडसाठी मचाण किंवा पोंटून (तरंगता तराफा) हवं. पोंटून स्वस्त पडतं, पण ते पाण्याबरोबर वरखाली होतं आणि सुकतीला गाळात बसून कलंडतं. माझा कौल तळाला टेकलेल्या लोखंडी मचाणाला. काही ठेकेदार मातीचा बांध घालत पुढे जायचं सुचवतात. सोपं आहे, पण खाडीचा प्रवाह अडतो, परवानगीची अट मोडते आणि काम संपल्यावर ती माती कोणी उचलत नाही.

मचाणावर चॅनेलची दोन मजली चौकट वेल्ड करा, एक वर आणि एक दीड-दोन मीटर खाली. एकाच चौकटीत लायनर जागेवर राहतो, सरळ राहत नाही. पाइल ठरल्या जागेपासून ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये आणि कल दीड टक्क्याच्या आत असावा. तेरा मीटरला दीड टक्का म्हणजे जवळजवळ २० सेंटिमीटर, तेव्हा सुरुवातीलाच शिस्त लावा.

लायनर बसवणं

लायनर म्हणजे ६ मिलिमीटर पत्र्याचा पाइप, खालच्या टोकाला बाहेरून जाड पट्टी वेल्ड करून धार केलेला. वजन मीटरला सुमारे ९० किलो. अकरा मीटरचा तुकडा टनभर होतो, विंच आणि वायर रोप त्या हिशेबाने तपासा. लायनर कायमचा आत ठेवायचा, पण त्याची ताकद डिझाइनमध्ये धरायची नाही. भरतीच्या रेषेवर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात, तिथे पत्रा आधी गंजतो. तेवढ्या पट्ट्यावर कोलटार इपॉक्सी लावून घ्या आणि रंग वाळल्याशिवाय पाण्यात सोडू नका.

पाणी थबकलेलं असताना, म्हणजे भरती पूर्ण होऊन वळायच्या आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत, लायनर चौकटीतून खाली सोडा. गाळात तो स्वतःच्या वजनाने शिरतो. मग दोन काटकोनी दिशांनी ओळंबा बघायचा. एकाच बाजूने बघणाऱ्या मिस्त्रीला दुसऱ्या बाजूला पाठवा. सरळ झाल्यावरच घण मारायला सुरुवात. पहिले घाव हळू, दर अर्ध्या मीटरला पुन्हा ओळंबा. गाळातच कल गेला तर उपसून पुन्हा लावा, वाळूत शिरल्यावर तो सरळ होत नाही, फक्त पत्रा दुमडतो.

लायनर मुरुमात घट्ट बसेपर्यंत न्या. वाळूत अर्धवट सोडला तर बेलर चालवताना खालून वाळू आत येत राहते आणि तुम्ही दिवसभर खाडीच उपसत बसता. बेंटोनाइटच्या (खोदाईच्या कडा धरून ठेवणाऱ्या मातीच्या) भरवशावर राहू नका, खाऱ्या पाण्यात ते फाटतं. वरचं टोक उधाणाच्या पातळीच्या निदान अर्धा मीटर वर हवं.

खोदाई

आता बेलर. आतली माती वर येते, तशी ती दर दीड मीटरला आणि थर बदलला की प्लास्टिकच्या पिशवीत भरून खोली लिहून ठेवा. बोअरच्या रिपोर्टशी ती जुळते का ते रोज संध्याकाळी पाहा. पाइल किती खोल गेली यापेक्षा वर काय आलं हे जास्त बोलतं.

मुरुमापासून पुढे छिन्नी. टनभर वजनाची छिन्नी ठरावीक उंचीवरून सोडायची आणि दर अर्ध्या तासाला किती सेंटिमीटर उतरली ते वहीत लिहायचं. आकडा एकदम घसरला आणि बेलरमध्ये टोकदार, ताज्या फुटीचे काळे तुकडे यायला लागले की कातळ. पिवळट, हाताने चुरगळणारे तुकडे म्हणजे अजून कुजका दगड, त्यातली खोली कातळात धरू नका. ठेकेदाराला तासाचा खर्च दिसत असतो, म्हणून कातळ तो तुमच्या आधी "लागला" म्हणतो. ०.६ मीटरचं मोजमाप तुमच्या समोर, तुमच्या टेपने व्हायला हवं.

एक काळजी: ताजं काँक्रीट भरलेल्या पाइलशेजारी लगेच छिन्नी आपटू नका. निदान ३६ तास दुसऱ्या टोकाची जोडी हातात घ्या.

सळईचा पिंजरा

खाऱ्या पाण्यात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, लागतं. ६०० च्या पाइलमध्ये पिंजऱ्याचा बाहेरचा व्यास ४५० उरतो. मधे भोक असलेले गोल चकतीसारखे काँक्रीटचे कव्हर ब्लॉक रिंगेत ओवून घ्या, ते लायनरच्या आत फिरत उतरतात. चौकोनी ब्लॉक अडकून फुटतात आणि पिंजरा एका बाजूला चिकटतो. उभ्या सळया डिझाइनप्रमाणे, पण १२ मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत. दर दीड मीटरला १६ मिलिमीटरची कडक रिंग आतून वेल्ड केली की उचलताना पिंजरा वाकत नाही. पिंजरा तळावर टेकवायचा नाही, लायनरच्या काठाला हुकांवर टांगायचा.

तळाची सफाई

चांगल्या पाइल इथेच वाया जातात. आदल्या संध्याकाळी खोदाई संपते, रात्रभर पाण्यातला बारीक गाळ तळाशी बसतो आणि सकाळी त्यावरच काँक्रीट ओतलं जातं. कातळापर्यंत नेलेली पाइल मग वीत-दीड वीत चिखलावर उभी.

पद्धत अशी: खोदाई संपताच टेपला किलोभर वजन बांधून खोली मोजा आणि लिहा. सकाळी पिंजरा उतरवून, ट्रेमी (काँक्रीट तळाशी सोडायचा पाइप) लावून झाल्यावर पुन्हा मोजा. कातळावर वजन टेकलं की हाताला खट्ट जाणवतं, गाळावर ते मऊ बसतं आणि ओढताना चिकटतं. फरक असेल तर ट्रेमीतूनच पाणी किंवा हवा सोडून तळ धुवायचा, वर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. धुणं थांबल्यावर अर्ध्या तासात काँक्रीट सुरू झालं नाही, तर पुन्हा मोजायचं. वर आलेला गाळ खाडीत ढकलू नका, टाकीत घेऊन किनाऱ्यावर न्या.

काँक्रीट

ग्रेड एम ४०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या वर नको, सिमेंट घनमीटरला ४०० किलो. स्लॅगचं सिमेंट मिळालं तर उत्तम, खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्यात कमी शिरतो. मिश्रणाला खाडीचं किंवा मचूळ विहिरीचं पाणी चालणार नाही, टँकर मागवा. स्लम्प (काँक्रीटचा ढीग किती बसतो ते) १५० ते १८० मिलिमीटर, म्हणजे ढिगारा न राहता पातळ पिठल्यासारखं पसरणारं. ते अॅडमिक्श्चरने (मिश्रणात घालायच्या रसायनाने) साधायचं, पाइप धरून पाणी वाढवून नाही.

१३.१ मीटरला ३.७ घनमीटर काँक्रीट, म्हणजे सुमारे ३० गोणी. एका गोणीच्या मिक्सरवर दर घाण्याला पाच मिनिटं धरली तरी अडीच तास. मिक्सर बंद पडला तर? दुसरा मिक्सर चालू स्थितीत शेजारी हवा, कारण अर्धी भरलेली पाइल थांबवता येत नाही.

आता वेळेचं. लायनरच्या आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली गेलं तर बाहेरचा दाब तळातून पाणी आणि वाळू आत ढकलतो, आणि ती ताज्या काँक्रीटमध्ये शिरते. भरती चढत असताना हे हमखास होतं. म्हणून आतलं पाणी काठोकाठ भरून ठेवा आणि पूर्ण भरतीला सुरुवात करा. पुढे सुकती लागते, बाहेरचं पाणी उतरत जातं आणि दाब कायम आतून बाहेर राहतो. नवमीला सकाळी सातला पहिला घाणा, दहाच्या आत काम पूर्ण.

ट्रेमी म्हणजे २०० मिलिमीटरचा जोडपाइप, वर हॉपर, म्हणजे मोठं नरसाळं. प्रत्येक सांध्यात रबरी रिंग नीट बसली आहे का ते हात फिरवून बघा. पाइपचं टोक तळापासून १५ ते २० सेंटिमीटर वर. हॉपरच्या खालच्या तोंडावर लोखंडी झाकण ठेवून तो पूर्ण भरायचा आणि मग झाकण एकदम उचलायचं. या पहिल्या भरतीत अर्ध्या घनमीटरहून जास्त माल हवा, तरच तळ भरून पाइपचं टोक काँक्रीटमध्ये मीटरभर बुडतं. छोटा हॉपर आणून "दोनदा ओतू" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. झाकण उचलताच लायनरमधून पाणी भडभडून वर येतं, ते चांगलं लक्षण. लगेच पाइपमध्ये टॉर्च मारा. आत पाणी वर चढताना दिसलं तर सील फुटलंय. पाइप काढा, आतलं काँक्रीट उपसा, पुन्हा पहिल्यापासून. हा निर्णय पाच मिनिटांत घ्यायचा असतो.

पुढे दर काही घाण्यांनी टेपने काँक्रीटची पातळी मोजा. पाइपचं टोक काँक्रीटमध्ये कायम दोन मीटर बुडलेलं हवं. त्यावरूनच किती तुकडे काढायचे ते ठरवा, ऑपरेटरच्या "सुटलाय आता" वरून नाही. मीटरला ०.२८ घनमीटर लागतं. त्याहून फार कमी मालात पातळी चढली तर कुठे तरी खोदाई आक्रसली आहे. फार जास्त लागला तर लायनरखालून माल बाहेर जातोय. दोन्हींची नोंद खोलीसकट करा.

वर सगळ्यात आधी येतं ते गाळ मिसळलेलं राखाडी पाणीदार काँक्रीट. खडी स्पष्ट दिसणारा माल येईपर्यंत ते वाहू द्या, खाली ट्रे धरून. माथ्याच्या पातळीपेक्षा निदान ६०० मिलिमीटर जास्त भरा.

त्यानंतर

जोडीतल्या दोन्ही पाइल भरल्या की त्याच दिवशी माथे चॅनेलने एकमेकांना बांधा. तळापासून पाच मीटर उघडी उभी असलेली पाइल तुळई पडेपर्यंत एकटीच असते, आणि गावातली एखादी होडी तिला दोर बांधणारच. लाल कापड आणि रात्री दिवा लावा.

माथा फोडायचा तर हातछिन्नीने तीन दिवसांनंतर, ब्रेकरने सात दिवसांनंतर. टणक, एकसारखा आवाज आणि कापलेली खडी दिसेपर्यंत फोडायचं, ठरलेल्या लेव्हलला आतून माती निघत असेल तर आणखी खाली. मग सगळ्या बारा पाइलची इंटिग्रिटी टेस्ट करा. हातोडीच्या ठोक्याची लहर खाली जाऊन परत येते, मधे गळा आवळलेला असेल तर तो आलेखात दिसतो. खर्च किरकोळ आहे. भार चाचणी आयएस २९११ च्या चौथ्या भागाप्रमाणे, निदान एका पाइलवर, आणि ती पाइल ठेकेदाराने नव्हे, तुम्ही निवडायची. वहीत सर्वांत शंकास्पद नोंद असलेलीच घ्या.

बोटींचे धक्के थेट पाइलवर येऊ देऊ नका. टायर लटकवायचे ते तुळईवर, किंवा पुढे धक्का झेलणारे वेगळे फेंडर खांब घाला.

काम संपलं की प्रत्येक जोडीपाशी दोरीला वजन बांधून तळाची खोली मोजा आणि ती जेट्टीच्या फाइलमध्ये ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर, नारळी पौर्णिमा होऊन पाणी निवळलं की, त्याच जागी पुन्हा मोजा. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर डिझाइन करणाऱ्याला कळवा आणि तो सांगेल त्या आकाराचे दगड जाळीत भरून पाइलभोवती टाकून घ्या.